दारात अडकलेला सार्जंट

सांगलीत विश्रामबागेला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. "मशीन आपोआप चालू होतंय", "आतून कुणीतरी कण्हल्यासारखा आवाज येतोय" असं सांगत येणारी गिऱ्हाइकं मला नवीन नाहीत. आजवर त्यातलं प्रत्येक भूत मी स्क्रू-ड्रायव्हरने बाहेर काढून दाखवलंय. बहुतेक वेळा ती पाल असते. पॉवर सप्लायच्या उबेला येऊन बसते आणि तिथेच भाजते. त्यामुळे या पेजवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचायचो ते चक्क हसायला, आणि कमेंटमध्ये दोन-चार जणांशी भांडलोही आहे. आज मीच लिहायला बसलोय. डोकं शांत ठेवून लिहायचा विचार आहे, पण जमेल असं वाटत नाही.

आमचं मूळ गाव उंब्रजपासून थोडं आत आहे. नाव देत नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर हे एकदा लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी लोक नारळ घेऊन दारात हजर! पुन्हा तो ताप नको. हायवे सोडला की उसातून जाणारा एकेरी डांबरी रस्ता, मध्ये ओढ्यापाशी एक वाकडं वळण, आणि वळण संपलं की आमची वस्ती. घरी आई, आप्पा आणि रूपाली वहिनी. वहिनी कराडला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, स्कूटीवरून ये-जा करते. आणि दादा... दादा म्हणजे माझा थोरला भाऊ सुहास, वहिनीचा नवरा. फौजेत हवालदार होता.

आता त्या गेमबद्दल सांगतो, कारण सगळं त्याच्याभोवती आहे.

आम्ही कॉलेजात असताना कराडच्या टॉकीजला हिंदीत डब केलेला एक इंग्रजी पिक्चर आला होता. परग्रहावर उतरलेली सैनिकांची तुकडी, बर्फाखालचं लोखंडी शहर, वगैरे. दादा त्याने पार वेडा झाला. लागोपाठ दोनदा बघून आला, मलाही नेलं. मग त्या पिक्चरवर निघालेला बंदूक घेऊन फिरायचा गेम त्याने पुण्याच्या मित्राकडून मागवला. ओरिजिनल सीडी, डब्यावर पिक्चरचंच पोस्टर. आम्ही दोघांनी तो डबा असा उघडला होता की बस्स.

आणि गेम निघाला भंगार. नुसता भंगार नाही, फसवणूक. त्याचं नाव मुद्दाम घेत नाही, उगाच कुणी शोधून डाउनलोड करेल आणि मला शिव्या घालेल. पिक्चरमधला बर्फ इथे सिमेंटसारखा दिसायचा. शत्रू भिंतीकडे तोंड करून उभे, मागून गोळी घातली तरी वळायचे नाहीत. हिरोचा चेहरा भलत्याच माणसाचा. पण हे सगळं परवडलं असतं. कहर होता तो आपल्या बाजूचा सार्जंट. तो आपोआप आपल्या मागून चालायचा. चौथ्या मिशनमध्ये एक लोखंडी दार लागायचं, आपण आत जायचो, आणि हा बाबा बरोबर उंबऱ्यावर थांबायचा. आतही येईना, बाहेरही जाईना. आणि तो आत आल्याशिवाय मिशन पुरं व्हायचं नाही. पिक्चरच्या नावावर गेम विकायचा, आणि तो शेवटपर्यंत चालतो का हे बघायची तसदी कुणी घेतली नाही. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

आम्ही त्याला पुढून ढकललं, मागून ढकललं, गोळ्या घातल्या. गोळ्या त्याच्यातून आरपार जायच्या. दादाने त्याचं नाव ठेवलं 'पाव्हणा'. "आवं पाव्हणं, आत या की! च्या ठेवलाय!" असं ओरडून ओरडून तो हसायचा आणि मग वैतागून कीबोर्ड आपटायचा. शेवटी एक दिवस त्याने ती सीडी बाहेर काढली, तिच्यावर मार्करने 'पाव्हणं आत या' असं लिहिलं, भोकात सुतळी ओवली आणि शाळवाच्या, म्हणजे ज्वारीच्या रानात पाखरं हाकलायला टांगली. पाखरं तिलाही घाबरली नाहीत. त्याच हंगामात ती वाऱ्याने कुठेतरी उडून गेली, ती गेलीच. कॉम्प्युटरवर गेमचं चित्र तेवढं राहिलं. दाबलं की एकच निरोप यायचा — सीडी टाका.

दादा फौजेत गेला आणि तो 'पाव्हणा' आमच्या घरातला विनोद झाला. सुट्टीवर आला की पाठीवर पिट्टू घेऊन उंबऱ्याबाहेर ताठ उभा राहायचा. तसंही आमच्याकडे लांबून आलेल्या माणसाला तसंच आत घेत नाहीत. भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी त्याच्यावरून ओवाळून बाहेर टाकायचं, मगच उंबरा ओलांडायचा. आई आतून भाकरतुकडा आणेपर्यंत दादा सार्जंटसारखा तोंड फुगवून उभा, आणि मी ओरडायचो, "आवं पाव्हणं, आत या की!" मगच आमची सुट्टी सुरू व्हायची.

मागच्याच्या मागच्या हंगामात तो सुट्टीवर येत होता. कराडला उतरला, मित्राची मोटरसायकल घेतली आणि आईला फोन केला, "भाकरी टाक, आलोच." दिवेलागणीची वेळ. ओढ्याच्या वळणावर उसाने भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, साधा झाडाचा फाटाही तोडून रस्त्यात टाकलेला नाही. ऊस मागे हातभर बाहेर आलेला.

आई भाकरतुकडा आणि तांब्या घेऊन दारात उभी होती. त्याला आणलं ते अ‍ॅम्ब्युलन्समधून. मेलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळत नाहीत.

बर्फात, दऱ्याखोऱ्यांत नोकरी केलेला माझा भाऊ घरापासून हाकेच्या अंतरावर उसाच्या ट्रॉलीवर आदळून मेला. आणि ट्रॉली कुणाची, तर बाळू नानांची. आप्पांचा सख्खा चुलतभाऊ. दहाव्याला सगळ्यांच्या पुढे बसून रडत होता. आप्पा म्हणाले, "भावकी हाय. त्यानं काय मुद्दाम केलंय का?" मी म्हणालो, मुद्दाम नाही केलं, पण मुद्दाम टाळलं तर आहे! कारखान्याकडून मिळालेल्या चमकणाऱ्या लाल पट्ट्या त्याच्या माळ्यावर प्लॅस्टिकमध्ये तशाच पडून होत्या. का लावल्या नाहीत? तर म्हणे चिखलानं खराब होतात. मी त्या दिवशी नानांशी बोलणं सोडलं आणि आप्पांशीही जवळपास सोडलं.

त्या दिवसापासून आईने एक सुरू केलं. रोज दिवे लावायच्या वेळेला भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन दारात जायचं, थोडं थांबायचं आणि तुकडा उंबऱ्याबाहेर ठेवून यायचं. का, तर त्याला ओवाळायचं राहिलं, त्यो तसाच दारात उभा असंल. मला हे अजिबात सहन व्हायचं नाही. तुकडा कुत्री खायची. मी आईवर कितीदा ओरडलो असेन. ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आता मूळ प्रसंग.

गेल्या हंगामात, ऊसतोड जोरात असताना मी गावी गेलो होतो. वहिनीला दादाचे भरतीच्या वेळचे फोटो हवे होते, आणि ते त्या जुन्या कॉम्प्युटरवर असावेत असा तिचा अंदाज होता. मी सांगलीहून चालणारा पॉवर सप्लाय घेऊन गेलो. दुपारी मशीन उघडलं, धूळ काढली, सप्लाय बदलला. सीडीचा ड्राइव्ह मेलेला होता, तो मी माझ्या हाताने काढून बाजूच्या कोनाड्यात ठेवला. हे नीट लक्षात ठेवा. मशीनमध्ये सीडी नव्हती, आणि ती जिथे घालतात तो ड्राइव्हसुद्धा नव्हता. त्या जागी नुसतं चौकोनी भोक होतं.

संध्याकाळपर्यंत मशीन चालू झालं. फोटो सापडले, ते पेनड्राइव्हवर घेतले. फोटोतला दादा एवढासा, कान बाहेर आलेले, नवीन केस कापलेले. ते बघून मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. बाहेर रस्त्यावरून एकामागून एक ट्रॉल्या चालल्या होत्या, खिडकीतून दिसत होत्या, आणि त्यातल्या निम्म्यांना मागे काही म्हणजे काही नव्हतं. एवढं झाल्यावरही! त्या रागाच्या भरात स्क्रीनवर ते गेमचं चित्र दिसलं आणि मी ते दाबलं. म्हटलं, म्हण बाबा तूही, सीडी टाका.

तो निरोप आलाच नाही. गेम सुरू झाला.

आधी मला काही विशेष वाटलं नाही, खरं सांगतो. डोकं फिरलेलं होतं. जुना सेव्ह केलेला खेळ उघडला आणि तो थेट चौथ्या मिशनमध्ये गेला. मी लोखंडी दाराच्या आत उभा. मागे वळलो, तर सार्जंट उंबऱ्यावर. तसाच ताठ, हातात बंदूक, सिमेंटचा चेहरा. इतकी वर्षं तिथेच उभा.

मी त्याला शिव्या घालायला सुरुवात केली. मोठमोठ्याने. "सरक की! आत ये न्हाईतर मर तिकडंच! सगळे वाट बघायल्यात आन् तू दारात उभा!" मला कळत होतं की हे त्या सार्जंटला नाही. पण थांबता येत नव्हतं. गोळ्या घालत होतो, त्या आरपार जात होत्या, मी ओरडत होतो आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"कुणाला बोलायलास रं एवढं?"

मागे आई उभी होती. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात तांब्या. दाराकडे निघालेली, माझा आवाज ऐकून आत आली होती. तिने स्क्रीनकडे बघितलं. तिला काय दिसलं असेल... वर्दीतला एक माणूस दारात उभा आहे, एवढंच.

"ह्याला दारात का उभा केलाय?" ती म्हणाली.

"आई, गेम हाय त्यो. कार्टून. जा तू."

"किती येळ झालं उभा हाय?"

"लय वर्षं झाली. येतच न्हाई त्यो आत. बिघडलाय."

"बिघडला न्हाई," आई म्हणाली. "ओवाळल्याबिगर कसा यील?"

मी काही बोलायच्या आत तिने तो तुकडा स्क्रीनवरून ओवाळला. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, दादावरून ओवाळायची तसाच. मग पाणी ओवाळलं. खिडकीतून तुकडा बाहेर टाकला, तांब्यातलं पाणी त्यावर ओतलं. आणि परत येऊन अगदी साध्या आवाजात म्हणाली, "ये बाळा. आत ये."

माझा पारा चढला. आता लोकांना सांगायचं काय, की आई कॉम्प्युटरला ओवाळते? मी "आई!" म्हणून ओरडलो...

आणि सार्जंटने पाऊल उचललं.

मी माउसला हात लावलेला नव्हता. तो उंबरा ओलांडून आत आला. नेहमीच्या त्या भिकार चालीनेच आला, पाय जमिनीवर घसरत. माझ्याजवळ येऊन थांबला. मग माझ्या बाजूने पुढे गेला आणि आतल्या अंधारात दिसेनासा झाला. मिशन पुरं झाल्याची ओळ आली. आम्ही दोघा भावांनी ती कधीच पाहिली नव्हती. ती दिसली न दिसली तोच स्क्रीन काळा पडला.

आई तांब्या पालथा घालत म्हणाली, "झालं." जणू दूध तापवून झालं.

थोड्याच वेळात आई बाहेरून म्हणाली, "रूपा अजून आली न्हाई. येळ झाली तिची." तेव्हा मी उठलो. अंगणात आलो, तर वहिनी स्कूटी हाताने ढकलत येत होती. कोपर सोललेलं, साडीला चिखल, हँडल वाकडं.

"नानांची ट्रॉली," एवढंच ती म्हणाली आणि पायरीवर बसली. आप्पा पाणी घेऊन आले. मग हळूहळू बोलली. "त्याच वळणावर उभी होती. मला काही दिसलं नाही बघा भावोजी. काहीच नाही. आणि एकदम समोर गोल काहीतरी लखकन चमकलं. ताटलीएवढं. मी ब्रेक दाबला, गाडी घसरली, चरीत गेले. उसाची टोकं डोक्यावर आली होती माझ्या. ते चमकलं नसतं तर..."

आईने तिला उठवलं, दारात उभी केली आणि पुन्हा आत जाऊन भाकरी घेऊन आली.

मी बॅटरी घेऊन निघालो. आप्पा मागून आले. वळणावर तीच ट्रॉली, तीच! नाना बाजूला उभे राहून फोनवर जॅक मागवत होते. मी त्यांच्याकडे न बघता आधी मागे गेलो आणि बॅटरी मारली. उसाच्या मोळीला तारेने एक सीडी बांधलेली होती. उजेड पडताच डोळे दिपले. मी ती जवळ जाऊन पाहिली.

'पाव्हणं आत या.' दादाचं अक्षर.

मी नानांची कॉलर धरली. वय बघितलं नाही, भावकी बघितली नाही. "कुठनं आणली ही?"

"देवाशप्पथ म्या न्हाई बांधली," नाना म्हणाले. "माझ्या ट्रॉलीला कायबी न्हवतं, खरं सांगतो!"

"त्येच तर म्हंतोय नाना! तुमी कशाला बांधाल! आमचा माणूस मेला तवा बी न्हाई बांधली तुमी!"

आप्पांनी माझा हात सोडवला. मला वाटलं, आता पुन्हा भावकी निघणार. पण ते नानांच्या पुढे उभे राहिले आणि म्हणाले, "बाळ्या, आज माझी सून मेली असती." आप्पांनी त्यांना 'बाळ्या' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

आता तुमच्या प्रश्नांची उत्तरं, कारण ते येणारच. ड्रायव्हरला विचारलं, तोडकऱ्यांना विचारलं, फडातल्या बायकांना विचारलं. कुणीही सीडी बांधली नव्हती. समजा, कुणीतरी बांधली आणि घाबरून नाही म्हणतंय. मान्य. रानात पडलेली कुणाला तरी सापडली. हेही मान्य. पण उन्हापावसात एवढी वर्षं पडलेल्या सीडीची चंदेरी पापडी निघते, मागे नुसतं पारदर्शक प्लॅस्टिक राहतं. हे मी रोज बघतो. ही आरशासारखी होती. नंतर दुकानात नेऊन मी ती तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहिली. तिच्यात काहीही नाही, कोरी आहे. आणि तो कॉम्प्युटर सांगलीला आणून मी हव्या तेवढ्या वेळा गेम दाबून पाहिला. दर वेळी तोच निरोप. सीडी टाका.

मधल्या काळात गावाने जे केलं त्याने मात्र माझं डोकं उठलं. मॉनिटरला कुणीतरी हळदकुंकू लावून गेलं. एकाने सुचवलं, वळणावर छोटं देऊळ बांधू. आणि नाना! नानांनी नंतर एक दिवस ती सीडी आमच्याकडून मागून नेली, आणि मी बघायला गेलो तर देव्हाऱ्यात! फूल वाहिलेलं, उदबत्ती लावलेली. आणि दारात ट्रॉली उभी, मागून कोरी करकरीत. माणसाला हात जोडता येतात, पण चार पट्ट्या चिकटवता येत नाहीत! मी काही बोलणार, तेवढ्यात आई माझ्या मागून आत गेली. नानांच्या बायकोला म्हणाली, "त्यो देव न्हाई. माझ्या लेकाची हाय ती. दे." आणि घेऊन आली.

मी दुकानात तपासून परत आणली, तेव्हा आईनेच ती नानांच्या ट्रॉलीला बांधली. स्वतःच्या हाताने, तार पिळून. मी माळ्यावरच्या लाल पट्ट्या काढून चिकटवल्या. नाना बाजूला उभे होते. काढायची त्यांची छाती नाही. भीतीनं का होईना, एक ट्रॉली तरी दिसते आता. बाकीच्या तशाच चालल्यात.

लोक मला विचारतात, सार्जंट आत आला कसा? मला माहीत नाही. आता मी शोधतही नाही. पण एकाही माणसाने मला आजवर विचारलेलं नाही, की बाकीच्या ट्रॉल्यांचं काय. त्याचं उत्तर तर त्यांच्या स्वतःच्या माळ्यावर पडलंय.

आई आता दादासाठी तुकडा ठेवत नाही. आला न्हवं त्यो, म्हणते. पण वहिनी कामावरून आली की रोज तिला दारात उभी करते. दिवेलागणीला मी दुकानातून फोन लावतो. गिऱ्हाईक समोर असलं तरी लावतो. पलीकडे रिंग वाजते, वाजते, आणि तेवढ्या वेळात मला काहीही सुचत नाही.

"आली का?"

"आली," आई म्हणते. "दारात हाय. थांब, ओवाळून घेते आन् मग बोलते."

मी फोन कानाला लावून थांबतो.